साडेबाराच्या शोमध्ये ट्रम्पेट का नव्हता

मक्या न्यू जर्सीहून आला की आमचा कट्टा उशिरा उठतो. या खेपेला तो आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेला. गणपती जाऊन आठवडा झाला होता, डोंबिवलीतला पाऊस जाऊ की नको करत होता, आणि मक्याचं शरीर अजून तिकडच्या एडिसन गावाच्या घड्याळावर चाललं होतं. रात्री एकला हा टक्क जागा. त्याच्यासाठी आम्ही थांबतो, आमच्यासाठी सायकलवरचा चहावाला थांबतो. कट्टा म्हणजे फडके रोडच्या मागच्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानाची पायरी. शटर पडलं की ती आमची.

वादाला सुरुवात स्वातीच्या मोबाइलमुळे झाली. तिने एक जुना व्हिडिओ लावला होता. एक उंच माणूस, दातांत फट, अंगात वेल्क्रोचा सूट. चपलांच्या पट्ट्यांना असतो ना, करकर आवाज करणारा, तोच. हा माणूस ट्रॅम्पोलिनवरून उडी मारतो आणि समोरच्या वेल्क्रोच्या भिंतीला पालीसारखा चिकटतो. पाय अधांतरी, आणि चेहऱ्यावर बस चुकलेल्या कारकुनाचा भाव. डेव्हिड लेटरमन, १९८४.

"बास," सुध्या म्हणाला. "टीव्हीवरच्या विनोदाचा कळस झाला. आता पुढे सगळी उतरण." सुध्या कॉलेजात एकांकिका बसवायचा, आता सोसायटीच्या गणपतीत स्किट बसवतो. त्यामुळे विनोदाबद्दलचा शेवटचा शब्द आपला, अशी त्याची समजूत आहे.

"कळस कसला?" पक्या उखडला. पक्या वीस वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतोय. "त्याच वर्षी, त्याच स्टुडिओत बॉब डिलन वाजवून गेला. ते बघितलंयस? भिंतीला माणूस काय, कोणीही चिकटवेल."

"डिलन शेवटी आला असणार. गाणंबजावणं शेवटीच असायचं. तोवर अमेरिका घोरत होती."

"तेच तर माझं दुखणं आहे ना! आमचं पण तेच होतं. सगळ्यांची भाषणं, सगळ्यांचे सत्कार, आणि पावणेदहाला आम्हाला म्हणतात, चला, दोन गाणी आवरा, दहाला पोलीस येतील."

आता ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर रात्री साडेअकराला 'टुनाइट शो' लागायचा. १९६२ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, तो जॉनी कार्सनने चालवला. टेबलामागे यजमान, बाजूच्या सोफ्यावर पाहुणे, सुरुवातीला दिवसभराच्या बातम्यांवर विनोद, मध्ये एखादं स्किट, शेवटी गाणं. हा साचा तिथे इतका मुरलाय की आपल्याकडे १९९७ साली शेखर सुमनने 'मूव्हर्स अँड शेकर्स' सुरू केलं तेव्हा टेबलापासून बँडपर्यंत सगळं सामान तिथलंच होतं. कार्सन संपला की त्याच्या पाठोपाठ, रात्री साडेबाराला, १ फेब्रुवारी १९८२ पासून लेटरमन यायला लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझामधला ६ए नावाचा स्टुडिओ. साडेबाराला जागं कोण? कॉलेजची पोरं, रात्रपाळीवाले आणि झोप न येणारे.

"म्हणजे आपण," मक्या म्हणाला.

सुध्याने यादीच सुरू केली. कुत्र्यामांजरांच्या मूर्ख करामती. ही कल्पना मेरिल मार्कोची, ती डेव्हची, म्हणजे लेटरमनची, पहिली मुख्य लेखिका. लोक आपला कुत्रा घेऊन यायचे, तो कुत्रा काहीतरी अत्यंत निरुपयोगी करून दाखवायचा, आणि डेव्ह गंभीर चेहऱ्याने सूचना द्यायचा की हे केवळ प्रदर्शन आहे, स्पर्धा नाही, कृपया पैजा लावू नयेत. चिंपांझीच्या अंगावर कॅमेरा बांधून त्याला स्टुडिओत सोडलं. १९८६ मध्ये एक अख्खा भाग असा केला की पडद्यावरचं चित्र तासाभरात हळूहळू गोल फिरत गेलं. निम्म्यात सगळी मंडळी उलटी लटकलेली, आणि गप्पा मात्र जणू काही झालंच नाही अशा चालू. घरी लोकांनी टीव्हीला थपडा मारल्या असतील. आणि ती दहाची यादी. १८ सप्टेंबर १९८५ ला पहिली आली. विषय काय, तर इंग्रजीतल्या 'पीज'शी, म्हणजे मटाराशी, जवळजवळ यमक जुळणाऱ्या दहा गोष्टी. 'जवळजवळ' हे सुध्याने दोनदा म्हटलं. त्याच्या मते सगळी गंमत त्या शब्दात आहे. तेव्हा वर्तमानपत्रं, मासिकं ऊठसूट याद्या छापत होती, त्यांची ही टिंगल होती.

"आणि फळांची टोपली!" तो पायरीवरून उठूनच उभा राहिला. "१९८६. जनरल इलेक्ट्रिकने एनबीसीची मालक कंपनी विकत घेतली. म्हणजे बल्ब आणि फ्रिज बनवणारे आता डेव्हचे मालक. हा काय करतो? नव्या मालकांची ओळख करून घ्यायला फळांची टोपली घेऊन थेट त्यांच्या इमारतीत. कॅमेऱ्यासकट. दारातच अडवलं. कॅमेरा बंद करा म्हणाले. सुरक्षेचा एक साहेब आला, डेव्हने हात पुढे केला, त्यानेही केला, आणि शेवटच्या क्षणाला मागे घेतला. झालं. पुढे कितीतरी दिवस डेव्ह सगळ्यांना तो 'कंपनीचा अधिकृत हस्तांदोलन' करून दाखवत होता. मालकाची अशी काढायला छाती लागते. आपल्याकडे साधं मंडळाच्या अध्यक्षांवर स्किट लिहिलं तर वर्गणीदार नाराज होतात."

हे शेवटचं वाक्य अनुभवाचं होतं. आम्ही कोणी काही बोललो नाही.

स्वातीने चहाचा पेला खाली ठेवला. "सगळं ठीक. पण वेल्क्रोला कळस म्हणतोस, तो माल उसना आहे."

"काय?"

"स्टीव्ह ॲलन. 'टुनाइट'चा पहिला यजमान, १९५४ चा. तो अंगभर चहाच्या पुड्या लावून पाण्यात उतरायचा. डेव्हने वेल्क्रोनंतर काय केलं? अंगाला विरघळणाऱ्या गोळ्या चिकटवल्या, आपल्या इनोसारख्या फसफसणाऱ्या, आणि पाण्याच्या टाकीत बुडी मारली. सरळ ॲलनचा चहा आहे तो. आणि ॲलन मुळात कोण होता माहितीये? पियानोवाला. हजारो गाणी केली त्याने."

पक्याला हे सोन्यासारखं वाटलं. "म्हणजे तुमच्या स्किटांचा बाप आमच्यातला! सुध्या, लिहून घे."

स्वाती कॉल सेंटरला सात वर्षं होती, ऐरोलीला. अमेरिकेची संध्याकाळ ती तिची रात्र. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून तिने हे सगळं बघून काढलंय. तिच्याशी तारखांवरून वाद घालायचा नसतो. तिनेच सांगितलं की कार्सनच्या पहिल्या दहा वर्षांतले बहुतेक भाग एनबीसीने पुसून टाकले, टेप पुन्हा वापरता यावी म्हणून. डेव्हचे बरेच भाग आज बघायला मिळतात त्यातही चॅनेलपेक्षा घरी व्हीसीआर लावून बसलेल्या चाहत्यांचा हात मोठा.

मग पक्याची पाळी. त्याने थेट बँडपासून सुरुवात केली, पाहुण्यांपासून नाही. पॉल शेफर कीबोर्डवर, हायरम बुलक गिटारवर (हा बहुतेकदा अनवाणी), विल ली बासवर, स्टीव्ह जॉर्डन ड्रम्सवर. चौघंच. "तो जॉर्डन आज रोलिंग स्टोन्सबरोबर वाजवतो, त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स गेल्यापासून. हे साडेबाराच्या शोचे पगारी वादक होते, कळलं? कार्सनकडे बँडमास्टर डॉक सेव्हरिन्सन, झगमगीत कोट, अख्खी ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची पलटण. इकडे चार जण. पण त्या चौघांत जेम्स ब्राउन येऊन उभा राहिला आणि गायला. १९८२ मध्ये. त्याला उचलून धरणं म्हणजे चेष्टा आहे का? तो बोट वर करणार आणि तुम्ही त्या ठोक्याला थांबायचं."

इथे मला तोंड घालणं भाग पडलं, कारण मला या वादात जे म्हणायचं होतं ते नेमकं या चौघांपाशी होतं.

ते चारच का होते? पैसे नव्हते म्हणून नाही. डेव्हच्या शोमध्ये कार्सनची कंपनी भागीदार होती, आणि साडेअकराचं दुकान चालत असताना शेजारी तसंच दुसरं उघडलेलं कार्सनच्या लोकांना नको होतं. म्हणून अटी घातल्या. तुझ्या बँडमध्ये ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, नको, ते डॉकचं आहे. सोफ्यावर हो ला हो करणारा जोडीदार नको, ते एड मॅकमहनचं आहे. सुरुवातीचे विनोद थोडक्यात आटप. कार्सनची ठरलेली स्किटं, पगडी घालून बंद पाकिटातल्या प्रश्नांची उत्तरं आधीच सांगणारा त्याचा तो त्रिकालज्ञानी वगैरे, त्याच्या आसपास फिरकायचं नाही. आणि जेम्स स्टुअर्ट, जॉर्ज बर्न्स असले जुने मुरलेले पाहुणे बोलवायचे नाहीत.

"आता मला सांगा," मी म्हणालो, "ट्रम्पेट नाही, जोडीदार नाही, बडे पाहुणे नाहीत. उरलं काय? रस्त्यावरची माणसं, कुत्री, इमारतीतले जिने, आणि ज्यांना साडेअकराला कोणी उभं करत नाही असे गाणारे. सुध्याची स्किटं आणि पक्याची गाणी दोन्ही त्या उरलेल्यातून आली. तुम्ही एकाच घरातल्या दोन भावांना भांडायला लावताय."

"हा बघा, मध्यस्थ," सुध्या म्हणाला.

"उदाहरण दे," पक्या म्हणाला.

उदाहरण माझ्याकडे तयार होतं. ६ ऑक्टोबर १९८३. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स नावाच्या कॉलेजगावातली चार पोरं, आर.ई.एम. नावाचा बँड, राष्ट्रीय टीव्हीवर पहिल्यांदाच. एक गाणं झालं. मग डेव्ह बोलायला पुढे आला, तर त्यांचा गायक मायकेल स्टाइप मागे ड्रम्सच्या चौथऱ्यावर जाऊन बसला, लग्नात फोटोला बोलावलं की पंगतीच्या मागे जाऊन बसणाऱ्या धाकट्या दिरासारखा. डेव्ह बाकीच्या दोघांशी बोलला. आणि दुसरं गाणं कोणतं, तर त्याला अजून नावच नव्हतं. बिननावाचं गाणं देशाला ऐकवलं. साडेअकराला हे चाललं असतं? तिथे नाव, गाव, रेकॉर्डचं कव्हर, सगळं आधी लागतं.

पक्या थोडा शांत झाला होता. पण त्याला डिलन सोडवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट त्याच्याकडूनच ऐकावी. २२ मार्च १९८४. सगळ्यांना वाटलं, आता हा मोठा माणूस येणार, दोन जुनी गाणी म्हणणार. तो आला लॉस एंजेलिसच्या पंकवाल्या तरण्या पोरांना घेऊन. पहिलं गाणं सनी बॉय विल्यमसन या जुन्या ब्लूजवाल्याचं. पोरं अशी वाजवतायत की गॅरेजमध्ये तालीम चाललीये. तिसरं गाणं रंगात आलं, डिलनने माउथ ऑर्गन तोंडाला लावला, आणि फुस्स.

"पट्टी चुकलेली!" पक्याने मांडीवर थाप मारली. "माउथ ऑर्गन म्हणजे पेटी नाही, सरकवली की झालं असं नाही. प्रत्येक पट्टीला वेगळा नग. याने चुकीचा उचललेला. आता बघ, थेट कॅमेऱ्यासमोर हा स्टेजवर इकडेतिकडे शोधतोय. आणि ती तीन पोरं काय करतात? वाजवत राहतात. तोच तुकडा, गोल गोल, गोल गोल. चेहऱ्यावर रेषा नाही. ड्रमर बघत बसलाय, मालक कधी परत येतोय. मग सापडतो योग्य नग, तो परत येतो, आणि शेवट असा होतो की अंगावर काटा. मी वीस वर्षं हेच करतोय रे. गायिकेचा माइक बंद पडतो, निवेदक वही शोधत असतो, आणि मी मुखड्याचा ठेका चालू ठेवतो. माझा सगळा धंदा त्या दीड मिनिटात दिसतो."

सुध्या हळूच म्हणाला, "पण हे तर स्किट झालं."

"गप रे."

"अरे, खरंच. वस्तू हरवते, नायक शोधतो, बाकीचे काही झालंच नाही असं दाखवतात. प्रहसनाचा पहिला धडा."

कधी नव्हे ते मला सुध्याचं पटलं. पक्यालाही पटलं असावं, कारण त्याने उत्तर दिलं नाही. चहावाल्याला अजून पाच कटिंग सांगितले.

तोवर मक्या नुसता ऐकत होता. आमच्यात प्रत्यक्ष प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून आलेला तो एकटाच, पण तो एनबीसीच्या नव्हे, नंतरच्या, सीबीएस या दुसऱ्या वाहिनीच्या काळात. कार्सन निवृत्त झाल्यावर साडेअकराची गादी जे लेनो नावाच्या दुसऱ्या विनोदवीराला मिळाली, डेव्ह चिडून सीबीएसला गेला. ३० ऑगस्ट १९९३ ला ब्रॉडवेवरच्या एड सलिव्हन थिएटरात पहिला प्रयोग. जाताना एनबीसीने दहाची यादी, पात्रांची नावं, सगळ्यावर हक्क सांगितला होता. पहिल्याच दिवशी एनबीसीचा वृत्तनिवेदक टॉम ब्रोकॉ स्टेजवर आला, डेव्हच्या विनोदांची दोन कार्डं उचलली आणि ही आमच्या कंपनीची बौद्धिक संपदा म्हणून घेऊन गेला.

"२००९ मध्ये गेलो होतो," मक्या म्हणाला. "तिकिटासाठी नाव नोंदवलं की ते फोन करायचे आणि शोबद्दल एक प्रश्न विचारायचे. उत्तर चुकलं तर तिकीट नाही. मी नोट्स काढून बसलो होतो, सीएच्या परीक्षेसारखा. आत गेलो तर थंडी! एसी इतका की स्वेटर असूनही दात वाजत होते. प्रेक्षक गारठलेले बरे, पेंगत नाहीत, असा त्यांचा हिशोब. थिएटर टीव्हीवर दिसतं त्याच्या मानाने लहान. आपल्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहापेक्षा तर नक्कीच."

"बरं, पण गाणारं कोण होतं त्या दिवशी?" पक्याने विचारलं.

मक्या विचारात पडला. मग आणखी विचारात पडला.

"आठवत नाही."

सुध्या हसून हसून पायरीवरून घसरला. पक्याचा चेहरा पडला.

"थांब, ऐक तरी," मक्या म्हणाला. "तो पाहुणा बँड आठवत नाही, पण शेफरचा बँड लख्ख आठवतो. घरी टीव्हीवर काय दिसतं? जाहिराती लागतात तेव्हा दोन सेकंद बँड ऐकू येतो, जाहिराती संपल्यावर परत दोन सेकंद. मधलं गाणं घरी कोणालाच ऐकू येत नाही. आम्ही आत होतो, आम्हाला पूर्ण ऐकू यायचं. टेबलापाशी डेव्ह कागद चाळतोय, कोणीतरी त्याच्याशी बोलतंय, आणि हे लोक जीव तोडून वाजवतायत. थिएटर हलत होतं. ते फक्त आम्हा चारेकशे लोकांसाठी. मला वाटलं, साला, असली मजा तर ही आहे, आणि ती प्रक्षेपित होतच नाही."

पक्या काही वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "मधलं आम्ही," एवढंच म्हणाला.

तिथेच बाहेरच्या दुकानाची गोष्ट निघाली, आणि वादाला भलतंच वळण लागलं. थिएटरच्या जवळ स्मरणवस्तूंचं एक दुकान होतं, न्यूयॉर्क छापलेले टी-शर्ट, कप वगैरे विकणारं. तिथले दोन विक्रेते, मुजिबूर आणि सिराजुल, दोघं बांगलादेशचे. डेव्ह फिरत फिरत त्यांच्याकडे गेला आणि ती जोडी शोमधली ठरलेली पात्रं झाली. पुढे कॅमेरा देऊन त्यांना देशभर फिरायला पाठवलं. मक्या म्हणाला, नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या टीव्हीवर आपल्यासारखी दिसणारी माणसं किती होती? बोटावर मोजण्याइतकी. त्यात हे दोघं, आपल्या नावाने, आपल्या कपड्यांत.

"आणि आपल्या उच्चारांसाठी," स्वाती म्हणाली. "हशा कशावर होता, ते बघ. ते इंग्रजी बोलले की हशा."

"तो हशा डेव्हच्या प्रश्नांवर होता," सुध्या. "तो स्वतःलाच मूर्ख ठरवायचा. शेजारच्या सँडविचच्या दुकानवाल्या रूपर्ट जीकडे गेला तरी तेच. आणि तो म्हातारा मेलमन? मेलमन हे पात्राचं नाव, माणूस कॅल्व्हर्ट डी-फॉरेस्ट, ब्रुकलिनचा, फायलींचा कारकून होता. साठीचा, जाड चष्मा, वाक्यं विसरणारा. त्याला बस टर्मिनसवर उभं केलं, गावाहून आलेल्या प्रवाशांना गरम टॉवेल द्यायला. ती काय त्याची थट्टा होती?"

"थोडी होतीच."

"त्याला मजा येत होती."

"मला सात वर्षं 'सँडी' म्हणून फोन उचलायला लावलं," स्वाती म्हणाली. "मलाही टीममध्ये मजा यायची. हसायचो आम्ही एकमेकींच्या नावांना. म्हणून ते बरं होतं असं नाही."

यावर सुध्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. मक्या म्हणाला, निदान त्या दोघांना त्यांच्या नावाने हाक मारली जायची. स्वाती म्हणाली, हो, तेवढं खरं आहे, तेवढं मी डेव्हला देते. मेलमनची गंमत बघा, त्याचं खरं नाव शोमध्ये लागलं ते १९९३ मध्ये, जेव्हा एनबीसीने पात्राचं नाव स्वतःकडे ठेवून घेतलं. वकिलांच्या कृपेने कॅल्व्हर्टला कॅल्व्हर्ट म्हणायला लागले.

चहा आला. कटिंग घेतल्यावर पक्याने खिशातून शेवटचा पत्ता काढावा तसा वॉरन झेवॉन काढला. हा गीतकार-गायक. शेफर रजेवर असला की झेवॉन अनेकदा त्याच्या जागी बँड सांभाळायचा, म्हणजे घरातलाच. २००२ मध्ये त्याच्या फुप्फुसांभोवती कॅन्सर निघाला, शस्त्रक्रियेच्या पलीकडचा. ३० ऑक्टोबरला डेव्हने अख्खा तास त्याला दिला. दुसरा पाहुणा नाही. तीन गाणी, आणि मध्ये गप्पा. डेव्हने विचारलं, जगण्यामरण्याबद्दल आता तुला काही जास्त कळलंय का? झेवॉन म्हणाला, प्रत्येक सँडविचची मजा घ्यायची, इतकंच. डॉक्टरकडे वीस वर्षं न जाणं ही आपली एक डावपेचातली चूक झाली, असंही तो म्हणाला, आणि लोक हसले. पुढच्या सप्टेंबरात तो गेला.

"यात स्किट कुठाय?" पक्याने विचारलं.

"सँडविचमध्ये," स्वाती म्हणाली. कोणी हसलं नाही, पण बरोबर होतं ते. दुसऱ्या कुणी त्या प्रश्नावर प्रवचन दिलं असतं.

शेवटी पक्यानेच माझा सिद्धांत मोडला. मी पुन्हा ट्रम्पेटवर आलो होतो: सीबीएसला गेल्यावर सगळ्या अटी सुटल्या, साडेअकराची वेळ मिळाली, बँडमध्ये ब्रास आला, आणि शोमधली ती उपाशी चमक गेली. मला ८० च्या दशकातलाच डेव्ह खरा वाटतो.

"आणि डार्लीन लव्ह?" पक्या म्हणाला.

मी गप्प. कारण डार्लीन लव्ह हे उत्तर आहे हे मलाही माहीत होतं. १९६३ चं एक नाताळगीत, मूळ तिनेच गायलेलं. १९८६ पासून दरवर्षी नाताळाआधी ती डेव्हकडे येऊन तेच गाणं गायची. २०१४ पर्यंत. मध्ये फक्त २००७ चुकलं, लेखकांचा संप होता. एनबीसीला होती तेव्हा लहानसा बँड. सीबीएसला गेल्यावर कोरस वाढला, तंतुवाद्यं आली, स्टेजवर बर्फ पडायला लागला, आणि गाण्याच्या मधोमध तो सॅक्सोफोनचा तुकडा. ब्रूस कॅप्लर नावाचा वादक दरवर्षी नव्या सोंगात अवतरायचा. म्हणजे सगळी श्रीमंती, अगदी माझ्या सिद्धांताविरुद्ध, आणि तरी ते गाणं दरवर्षी वाढत गेलं. आपल्याकडे नरकचतुर्दशीला रेडिओवर पहाटे कीर्तन लागतं ना, तेच कीर्तन, तोच नरकासुर, आणि तरी ते लागल्याशिवाय उटणं लावल्यासारखं वाटत नाही, तसं.

"आणि त्याच रात्री जे थॉमस यायचा," सुध्याने लगेच आपलं घोडं पुढे दामटलं. "नट. दरवर्षी तोच किस्सा सांगायचा, आणि मग ख्रिसमस ट्रीच्या शेंड्यावर ठेवलेला मांसाचा गोळा फुटबॉल फेकून पाडायचा. ट्रीवर तारा असतो, यांच्याकडे मीटबॉल. तो पाडल्याशिवाय नाताळ नाही. सांग, लोक काय बघायला बसायचे? गोळा की गाणं?"

"गाणं."

"गोळा."

"सॅक्सोफोनवाला सोंग घेऊन येतो ते गाणं की स्किट?" स्वातीने विचारलं, आणि दोघंही एकदम "आमचं" म्हणाले.

पक्या उठला, शटरला पाठ लावून उभा राहिला आणि बोटांनी पत्र्यावर त्या गाण्याचा ठेका धरला. हळू, पण शटर ते शटर. वरच्या मजल्यावरचा दिवा लागला. गॅलरीतून देसाई काका म्हणाले, "अरे पोरांनो, दोन वाजले."

"सॉरी काका, निघतोच."

मक्याने मनगटाकडे पाहिलं. त्याच्या घड्याळात अजून तिकडचीच वेळ होती. "तिकडे दुपारचे साडेचार. याच सुमाराला चित्रीकरण सुरू व्हायचं. आम्ही ऊन अंगावर घेऊन आत गेलो होतो."

पक्याचा हात शटरवर थांबला. "म्हणजे ते सगळं, रात्र, जागरण... दुपारी?"

"दुपारी. सुटलो तेव्हा बाहेर ऑफिसं सुटत होती."

"मग तो डिलन दुपारचा उठून गायलाय होय," पक्या म्हणाला. "तरीच पट्टी चुकली."

चहावाल्याने पेले गोळा केले आणि विचारलं, हिशोब वेगवेगळा की एकत्र.